कापसाची गादी

फार मागे कोळ्यांच्या एका मचव्याच्या, मासेमारीच्या मोठ्या होडीच्या, पोटात उंदरीण राहायची. सुकट पोटभर होती, मांजराची भीती नव्हती. पण बिऱ्हाड सदा ओलं आणि डोलणारं. पावसाळ्यात कोळ्यांनी मचवा किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारला. आषाढ सरता सरता तिला तीन पिल्लं झाली. फळ्यांच्या सांध्यांत ठासलेला कापूस आतून उपसून तिने त्यांना गादी केली.

"अगं, तो पाणी अडवायला आहे," कोपऱ्यात पडलेला मचव्याचा लोखंडी नांगर म्हणाला.

"पाणी आहे कुठे? जन्मात पहिल्यांदा कोरडं घर मिळालंय, तेही तुम्हाला बघवत नाही."

नांगर पुन्हा बोलला नाही.

नारळी पौर्णिमेला कोळ्यांनी बाहेरून तेल चोपडून मचवा पाण्यात लोटला. खाडीच्या तोंडाशीच आत पाणी भरलं. पाणी उपसत ते कसेबसे परतले. उंदरीण एकेक पिल्लू तोंडात धरून डोलकाठीवर नेत होती. तिसऱ्यासाठी उतरली, तेव्हा गादी पाण्यावर रिकामी तरंगत होती.

"मी पुन्हा सांगायला हवं होतं," नांगर म्हणाला.

पुढे मचव्यावर कुठे कापूस दिसला, की उंदरीण तो उचलून सांध्यापाशी न्यायची आणि पंजांनी दाबून बसवायची.