पिंपातला कारवीचा मध

माश्या बोलायच्या आणि माणसं ऐकायची नाहीत, म्हणजे अगदी आजच्यासारख्याच काळी, एका जांभळाच्या ढोलीत सातेरी माश्यांचं पोळं होतं. त्या साली डोंगरावर कारवी फुलली. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी ती. माश्यांनी पोळं मधानं गच्च भरलं. मध काढणारे नेहमी पोळ्याचा एक तुकडा पिल्लांसाठी मागे ठेवत. या खेपेला हौसेनं रम गाळणारा एक शहाणा आला. त्यानं सगळा मध चाटूनपुसून नेला आणि चवीसाठी मुरायला म्हणून रमच्या पिंपात ओतला.

फुलं संपली. पिल्लं उपाशी. चिंगी माशी पिंपाशी गेली.

"दादा, आमचं थोडं परत द्या."

"ने की बाई," पिंप ढेकर देत म्हणालं. "पण आता त्यात मीपण आहे हं!"

फटीतून पाझरत होतं तेवढं चिंगीनं पोटात भरलं आणि झोकांड्या खात घर गाठलं.

दारावरच्या पहारेकरणींनी नाकं मुरडली. माशीला नाक कुठलं, ते मला विचारू नका.

"कुठं ढोसून आलीस गं?"

"आक्का, आपलाच मध आहे, कारवीचा. पिल्लांना भरवू दे!"

"आपल्या मधाला असला वास? घरंदाज पोळं आहे हे!"

त्यांनी तिला पाय धरून खाली ढकललं. चिंगी पुन्हा चढली, पुन्हा ढकलली गेली. आत पिल्लांची कुरकुर बारीक होत होत थांबलीच.

दारावर मात्र पहारा अगदी चोख होता.