गोधडीला किती कापड?

सरदार हैबतरावांना कुणाला सल्ला विचारायची सवय नव्हती. पण आईसाहेब गेल्या आणि त्या हिवाळ्यात रेशमी रजईतही त्यांना ऊब वाटेना. लहानपणी आईसाहेब शिवत तशी गोधडी हवी, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी कापडवाल्याला ठाणांसकट बोलावले आणि धाकट्या बहिणीला, तुळजाबाईंनाही. त्या शिवण आईसाहेबांच्या हाताखालीच शिकल्या होत्या.

"तुळजा, किती कापड घेऊ ते नेमके सांग," सरदार चारचौघांत मिशीवर हात फिरवत म्हणाले. "कमी पडले तर दोष तुझा. म्हणशील तर अख्खी पेठ विकत घेतो!"

"दादासाहेब, आईसाहेबांचे एखादे जुने लुगडे आहे का?"

"छे! सरदाराच्या घरात जुनेर शोभते का? त्या गेल्या आणि मी सगळी लुगडी जाळून टाकायला लावली."

तुळजाबाईंचे डोळे भरून आले.

"एक जरी लुगडे ठेवले असतेत, तर वीतभर कापडही विकत घ्यावे लागले नसते. आता अख्खी पेठ घेतलीत तरी कमीच पडेल."

सरदारांची मान खाली गेली.

तरीही तुळजाबाईंनी नव्या कापडाची गोधडी शिवून दिली. टाके हुबेहूब आईसाहेबांसारखे पडले होते. सरदारांनी त्यांवरून हात फिरवला, गोधडी नाकाशी नेली आणि हळूच बाजूला ठेवली. तिला नुसता दुकानाचा वास येत होता.