मानेवरून न दिसलेली हत्तीण

ज्या काळातल्या राजांची नावं लोक विसरले, पण त्यांच्या हत्तींची विसरले नाहीत, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी लहानांना सांगायचं निमित्त करून स्वतःच ऐकावी.

एका राज्यात मेघमाला नावाची हत्तीण होती. राजाचं निशाण तिच्या पाठीवर फडकायचं आणि मानेवर बसायचा तिचा माहूत. दसऱ्याच्या मिरवणुकीत लोक हत्तिणीला वाकून नमस्कार करायचे. त्यातले निम्मे नमस्कार आपल्यालाच आहेत असं माहुताला वाटायचं आणि तो मिशीला पीळ भरायचा. हसू नका. उंचावर बसलेल्या माणसाला असं वाटतंच.

पुढे म्हातारा राजा गेला आणि त्याचा तरुण मुलगा गादीवर आला. त्याला वेड घोड्यांचं. त्यानं फर्मावलं, "हत्तिणीला रानात नेऊन सोडा. तिच्यावर आता कुणी बसायचं नाही. आणि माहुता, तू मोकळा."

"मोकळा म्हणजे काय, महाराज?" माहूत म्हणाला. "माझ्या बापानं हेच केलं, मीही हेच केलं. मला दुसरं काही येत नाही."

"शोध काहीतरी," राजा म्हणाला. तो वाईट नव्हता. त्याला घोडा फिरवायला जायची घाई होती.

 माहूत घरी येऊन उंबऱ्यातच बसला. बायको म्हणाली, "अहो, कामच गेलं ना? तुम्ही तर आहात! आधी तिला नीट पोचवून या. मग बघू."

तो हत्तिणीबरोबर पायी निघाला. ज्या रस्त्यानं मिरवायचा त्याच रस्त्यानं खाली मान घालून चालला. त्याला कुणी नमस्कार केला नाही, कुणी ओळखलंसुद्धा नाही. लोकांनी आजवर त्याचे पायच तेवढे पाहिले होते.

रानाच्या कडेला एक गाव होतं. तिथं दोन पावसाळे कोरडे गेले होते. विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि लोक बैलगाड्यांत भांडीकुंडी भरत होते. एका ओसरीवर एक म्हातारी शांत बसली होती.

"बाबा, हिला कशाला आणलंस रे इथं?" ती म्हणाली. "आम्हालाच प्यायला नाही. उद्या गाव उठतंय. मला तेवढं इथंच राहू द्या म्हणून सांगितलंय पोरांना. या वयात मी कुठं जाऊ?"

 आपलं काम गेलं म्हणून माहूत रडत होता, इथं तर अख्खं गावच चाललं होतं.

रानाच्या तोंडाशी त्यानं हत्तिणीची साखळी सोडली. "जा बाई," म्हणाला आणि पाठ फिरवली. पण पाय निघेना. वळून पाहतो तर हत्तीण हिरवी झाडी सोडून कोरड्या नदीच्या पात्रात उतरत होती.

"अगं वेडे, तिकडं वाळू आहे! तहानेनं मरशील!" तो अंकुश घेऊन धावला. तिला वळवायला त्यानं हात उंचावला, आणि तसाच राहिला. जमिनीवरून अंकुश तिच्या मानेपर्यंत पोचतच नव्हता.

मग त्याला मागे मागे जाण्यावाचून इलाज राहिला नाही. आणि तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, त्यानं आपली हत्तीण पाहिली.

केवढी होती ती! एवढा डोंगर चालत होता आणि पावलाचा आवाज नव्हता. सोंडेचं टोक वाळूवरून हळूहळू फिरत होतं, आंधळा माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवतो तसं. ती थांबायची, डोळे मिटायची, पुन्हा चालायची. एका जागी मात्र ती थांबली ती थांबलीच. पुढच्या पायानं वाळू उकरू लागली. सोंडेनं ती बाजूला सारू लागली. खड्डा ओला झाला, मग गढूळ पाणी आलं. तिनं ते उपसून फेकलं आणि नितळ पाणी साठेपर्यंत, तहानलेली असून, उभी राहिली. मग प्यायली, आणि बाजूला सरकली.

माहूत गुडघ्यांवर बसला. त्यानं हात जोडले. आपण एवढी वर्षं कुणाच्या मानेवर बसलो होतो, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि तो घळघळा रडला.

जागा चुकू नये म्हणून त्यानं अंकुश तिथंच वाळूत रोवला आणि गावाकडे धूम ठोकली. लोक कुदळी घेऊन आले. झरा खोल होता. गाड्यांवरची भांडी उतरली ती पाण्यानं भरायलाच.

म्हातारीला धरून धरून आणलं. ती हत्तिणीकडे बघतच राहिली. "मी परकरी पोर होते," ती हळूच म्हणाली, "असाच दुष्काळ होता. राजाच्या माणसांनी याच नदीतनं एक पिल्लू धरून नेलं होतं. आईच्या पायाशी उभं राहून पाणी पीत होतं बिचारं. बाई गं, ती तूच का?"

आणि तिनं पुढे होऊन हत्तिणीच्या सोंडेवर हात ठेवला. 

त्यानंतर दर उन्हाळ्यात हत्तीण कोरड्या नद्यांमधून हिंडायची आणि माहूत तिच्या मागून चालायचा. गावोगावचे लोक दोघांची वाट बघायचे. माहुताच्या घरी धान्य कमी पडलं नाही.

एकदा तरुण राजा घोड्यावरून त्या रानाकडेच्या गावात आला. झऱ्याकाठची हिरवी शेतं पाहून तो थक्क झाला. "माहुता, माझी चूक झाली," तो म्हणाला. "परत चल. तिच्या मानेवरची जागा तुझीच."

"नको महाराज," माहूत म्हणाला. "मानेवर बसलो की मला ती दिसत नाही."

 राजा घोड्यावरून उतरला, मागे गेला आणि गावकऱ्यांच्या रांगेत पाण्यासाठी उभा राहिला. अंकुश अजून वाळूत तसाच रोवलेला होता.

तात्पर्य : काम सुटून जमिनीवर आलेल्या माणसानं मान खाली घालू नये, डोळे उघडावेत, वरून न दिसलेली वाट तिथूनच दिसते.