बशीतला चहा

“मग गिअरबॉक्स खोलू का, चाचा?”

गुलाबचाचा मुजावर चहा बशीत ओतत होते.

सुदर्शन खोताला खरं तर विचारायला यायचंच नव्हतं. चाचांच्या हाताखाली शिकून त्यानं मिरजेत स्वतःचं गॅरेज थाटलं होतं. त्याच्याकडून गेलेल्या गाडीचं बॉनेट उघडावं आणि बघत राहावं, वायरी, नळ्या, केबली, सगळं काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून एका ओळीत. “दागिनेच घडवतोय पठ्ठ्या,” असं चाचा चिडवायचे, आणि सुदर्शनला ते कौतुकच वाटायचं.

पण शालनताई आरग्यांच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीनं त्याचा घाम काढला होता. त्याच्याकडून सर्व्हिसिंग करून नेल्यापासून तिचे गिअर वेळेवर पडेनात. पडले की धक्का. ताईंचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, क्लचची गाडी त्यांना चालवता येत नाही. गिअरबॉक्स गेला, असं सुदर्शन त्यांना सांगून मोकळा झाला होता. त्याचे पार्ट आता मिळत नाहीत. खोलून जमलं नाही, तर गाडी भंगारात आणि ताई घरात.

“ऑइल?” चाचांनी विचारलं.

“गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून बघितलं. बरोबर आहे.”

“चल.”

चाचा भरलेली बशी घेऊनच गाडीत बसले. सुदर्शनला हसू आलं. म्हाताऱ्याचं आता वय झालं, असंही मनात येऊन गेलं.

गाडीनं वेग घेतला, सुदर्शननं अॅक्सिलरेटरवरचा पाय सैल केला. इंजिन तसंच ओरडत राहिलं... मग दणका बसला आणि चहा चाचांच्या सदऱ्यावर.

चाचा रागावले नाहीत. उरलेला घोट त्यांनी पिऊन टाकला.

“पाय कवा सैल केलास?”

“मघाशीच. त्या वडापाशी.”

“आन् गिअरबॉक्सला कवा कळलं?”

सुदर्शननं ब्रेक दाबला.

गाडी कडेला लागली. चाचांनी बॉनेट उघडायला लावलं. अॅक्सिलरेटर किती दाबलाय हे गिअरबॉक्सला कळवणारी एक बारीक केबल असते. तिच्या तारेवर बोट ठेव म्हणाले, आणि स्वतः अॅक्सिलरेटर दाबून सोडला.

तार मागे आलीच नाही... मग एकदम झटक्यानं आली.

सुदर्शनचं बोट केबलीवरून खाली सरकत गेलं आणि एका वळणाशी थांबलं. तिथं एक काळी पट्टी होती. करकचून आवळलेली, शेपूट नीट कापलेली.



चाचांनी खिशातून छोटी पक्कड काढून त्याच्या हातात दिली. पट्टी कुणाची, हे विचारलं नाही. दुसऱ्या कुणी गावभर केलं असतं. या माणसाकडून आपण नुसते नटबोल्टचे पाने फिरवायलाच शिकलो, असं सुदर्शनला वाटलं, आणि डोळे भरून आले. त्यानं पट्टी कापली.

वाटेतल्या टपरीवर चाचांनी बशी पुन्हा भरून घेतली. गॅरेजपर्यंत गिअर पडत गेले, बशीतला चहा नुसता हलला.

उतरताना सुदर्शननं खाली बघत विचारलं, “आता शालनताईंना काय सांगू, चाचा? गिअरबॉक्स गेलाय, असं मी...”

चाचांनी चहा संपवला, बशी सदऱ्याला पुसली.

“खरं सांग... उशिरा नको, आन् धक्का देऊन नको.”