गोजराबाईंच्या सुनांसाठी एकोप्याचं घर

तांबडमाळ नावाच्या गावात एक भोळा गवंडी होता, हैबती. भोळा हे आपलं चारचौघांत म्हणायचं. भिंत ओळंब्यात सरळ उभी करायचा, आणि सांगितलेलं तितकंच सरळ डोक्यात घ्यायचा. झालेलं काम झालं, शिकलेलं पुढच्या कामाला लावायचं, ही त्याची रीत.

त्याच गावच्या गोजराबाईंना तीन सुना. तिघींच्या तीन चुली आणि बोलणं बंद. धाकटीनं तर सांगूनच टाकलं होतं, की नव्या घरात जमलं नाही तर आम्ही तालुक्याला खोली घेणार. नवं घर कसं बांधावं हे म्हातारीनं पुण्याच्या भाच्याला विचारलं. भाचा घरांचे नकाशे काढायचा आणि एकोप्यावर भाषणं द्यायचा. स्वतःच्या शेजारी कोण राहतं हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळं एकोप्याबद्दल त्याची मतं अगदी पक्की होती. तो म्हणाला, तीन घरं जोडून बांधा, मध्ये अंगण, स्वयंपाकघर एकच, आणि माणसं एकमेकांना दिसली पाहिजेत.

काम हैबतीला मिळालं. माणसं दिसली पाहिजेत म्हणून त्यानं न्हाणीची भिंत कमरेएवढी घेतली. पहिल्याच सकाळी थोरली अंघोळीला बसली आणि मधला दीर चहाचा कप घेऊन समोर आला. कप फुटला.

गोजराबाई म्हणाल्या, "हैबत्या, आडोसा नको का? बाईमाणूस जिथं बसेल तिथं भिंत पाहिजे."

"चुकलं काकू. पुन्हा नाही."

मग अंगणातला ओटा आला. तिथं तिघींनी मिळून पापड लाटावेत अशी म्हातारीची आस. हैबतीनं ओट्यावर पुरुषभर उंचीच्या दोन भिंती घेतल्या. तिघी तीन कप्प्यांत बसल्या, गोठ्यातल्या म्हशींसारख्या. मधलीनं लाटणं मागायला भिंतीवर धपका मारला. धाकटीला वाटलं, मुद्दाम मारतेय. तिनं पिशवी भरायला घेतली.

म्हातारीनं कपाळाला हात लावला. जी जागा सगळ्यांची, तिथं तिन्ही घरांतून सरळ जाता आलं पाहिजे, कुणाला अडवायचं नाही, असं तिनं बजावलं. हैबतीनं मान डोलावली.

पुढचं काम संडासाचं. तोही सगळ्यांचा. हैबतीनं त्याला तीन दारं ठेवली, एकेका घरातून एकेक. कडी एकालाही नाही, कुणी अडायला नको. धाकटीचे वडील, रिटायर झालेले मास्तर, लेकीचं घर बघायला आले आणि जरा आत गेले. तिन्ही दारं एकदम उघडली. मास्तर सभ्य माणूस, त्यांनी बसल्या जागेवरून तिघींनाही नमस्कार केला. चहा न घेताच ते गेले. वास्तुशांत झाली की मीही निघणार, असं धाकटीनं जाहीर केलं.

गोजराबाई हैबतीवर कडाडल्या, "माणूस एकदा आत गेला की बाहेरून कुणाला दार उघडता येता कामा नये. एवढं कळत नाही?"

हे हैबतीला फार पटलं.

वास्तुशांतीच्या दिवशी गोजराबाईंनी लेक, सुना, नातवंडं, सगळ्यांना त्या एका स्वयंपाकघरात जेवायला बसवलं. थोरलीनं आपणहून धाकटीच्या पानात पुरणपोळी वाढली, आणि धाकटीनं ती परत सारली नाही. म्हातारीनं डोळे पुसले आणि धूळ येते म्हणून दार लोटून घेतलं.

बाहेर हैबती उभाच होता. इथं तर अख्खं खटलं आत गेलेलं. त्यानं विटा ओढल्या. आत पोळीवर तूप पडत होतं, बाहेर थरावर थर चढत होता. जेवणं उरकेपर्यंत चौकट भरली. ओली भिंत कुणी ढकलू नये म्हणून त्यानं बाहेरून वासेही टेकवले.

म्हातारीनं दार आत ओढलं. समोर वीट.

"हैबत्या, हे काय केलंस?"

"काळजी नको काकू. आता बाहेरून कुणाच्या बापाला उघडायचं नाही."

मग थोरलीनं एक शिवी घातली. मधलीनं तिला जोड दिली. धाकटीनं माहेरची, ठेवणीतली काढली. पुढं तिघी एका सुरात लागल्या.

हैबती कान देऊन ऐकत राहिला. काकूंना पाहिजे होता तो एकोपा झाला, म्हणून त्याला बरं वाटलं. भिंत चांगली पक्की व्हावी म्हणून त्यानं तिच्यावर दोन बादल्या पाणी मारलं आणि तो घरी जेवायला गेला.