उलटा बसलेला पट्टा

एकदा एक वृद्ध कारागीर आपल्या शिष्येला घेऊन एका आगळ्याच संमेलनाला गेला. तिथे कवी नव्हते, अध्यक्षपदाचे वाद नव्हते. शाळेच्या सभागृहात लांबच लांब टेबले मांडली होती आणि त्यांवर ओंजळीत मावतील असे रणगाडे, तोफगाड्या, लष्करी ट्रक उभे होते; प्रत्येक मूळ वाहनाच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा. मोठी मोठी माणसे श्वास रोखून वाकली होती, कारण एका शिंकेने कुणाची तरी अँटेना उडून गेली असती.

वृद्धाची उमेदीची वर्षे सैन्यात खरे रणगाडे दुरुस्त करण्यात गेली होती. शिष्या दीड वर्षाच्या मुलीची आई. दुपारी मुलगी झोपली की ही चिमटा आणि गोंद घेऊन बसे. "वरणातला 'व' गळाला की मागे रण उरतं," असे सासूबाई म्हणत. शिष्येला ते पटतही असे. आपण चांगली आई नाही, ही शंका तिला एरवी दिवसातून चारदा येई, रणगाडा हातात असला की पाचदा. तरीही आठ महिने खपून तिने तो पुरा केला होता, आणि या जाणत्या मंडळींनी एकदा तरी आपल्याला आपल्यातली म्हणावे, एवढीच तिची आस होती.

तिने रणगाडा टेबलावर ठेवला. शेजारच्या टेबलावरचे एक हौशी गृहस्थ डोकावले.

"वहिनी, हा पुढे निघालाय की मागे?"

"म्हणजे?"

"पट्टे बघा की. उजवीकडचे बाण पुढे, डावीकडचे मागे. जागच्या जागी फुगडी घालणार बिचारा!"

रणगाड्याच्या पट्ट्याच्या प्रत्येक कडीवर बाणासारखी खूण असते आणि दोन्ही बाजूंचे बाण एकाच दिशेला असावे लागतात. शिष्येने निरखून पाहिले. ऐंशी कड्यांचा अख्खा डावा पट्टा उलटा बसला होता. स्पर्धेचे परीक्षक दुसऱ्या टोकाकडून निघालेच होते.

तिने घाईघाईने पिशवीतून चिखलाची डबी काढली. रंगाची पूड आणि गोंद कालवून असा चिखल करायला वृद्धानेच तिला शिकवले होते.

"काका, दोन मिनिटं. एवढा चिखल थापते की बाण दिसायलाच नकोत. नाहीतर गुंडाळते आणि घरी जाते."

वृद्धाने तिच्या हातातला कुंचला काढून घेतला. मग कापसाचा बोळा भिजवून त्याने डाव्या पट्ट्यावर आधीपासून असलेला चिखलही पुसून टाकला. एकेक बाण लख्ख दिसू लागला. एवढ्यावर न थांबता त्याने रणगाडा फिरवून तीच बाजू लोकांकडे केली.

"काका! अहो, हे काय केलंत? हसतील सगळे!"

"हसू देत. पोरी, चिखल दोन तऱ्हेचा असतो. एक वाटेचा, तो चालणाऱ्या गाडीला आपोआप लागतो. दुसरा झाकायचा. तो एकदा थापला की जन्मभर थापत बसावा लागतो. तरुणपणी मीही घाईत असाच पट्टा उलटा चढवला होता. साहेबांनी विचारलं, कुणी केलं? मी एक पाऊल पुढे झालो. शिक्षा भोगली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला त्यांनी मलाच धाडलं. म्हणाले, ज्याची चूक कुठे आहे ते दिसतं, त्याच्या उरलेल्या कामावर भरवसा ठेवता येतो."

इतक्यात परीक्षक आले. त्यांनी डाव्या पट्ट्यावर बॅटरीचा झोत टाकला.

"बाई, अजून वेळ आहे. स्पर्धेतून काढून घ्या. नाहक शोभा कशाला?"

शिष्या म्हणाली, "नाही काढणार."

"चूक ढळढळीत आहे हो."

"आहे, आणि ती माझी आहे. मुलगी मध्येच जागी झाली, मी उठले आणि परत बसले ती गाडी उलटी धरून. तुम्ही गुण कापा, हवे तेवढे कापा. पण ही गाडी इथून हलणार नाही. मीसुद्धा."

परीक्षकांनी गुण कापले. मग उरलेल्या कामावरून झोत सावकाश फिरवला, वहीत आणखी दोन ओळी लिहिल्या आणि पुढे गेले. बक्षीस अर्थातच दुसऱ्याला मिळाले.

उलट्या पट्ट्याची बातमी मात्र सभागृहभर झाली. लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. पहिल्या तिघांना शिष्येने मुलगी जागी झाल्याची हकिगत सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना आपलेच शब्द तिच्या कानांवर पडले आणि तिने हकिगत अर्ध्यावरच सोडली. पट्टा काही त्या लेकराने बसवला नव्हता.

चौथे एक आजोबा आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारले, "अरेच्चा! हे असं कसं झालं हो?"

"मी उलटा बसवला," ती म्हणाली. "उजवा पाहिलात का? या, इकडून बघा."