ठकूआत्याची मुरड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. माझ्या पणजीने तिच्या पणजीला विचारलं होतं आणि पाठीत धपाटा खाल्ला होता.

तेव्हा भिवतळे गावाला लागून साळू नदी अगदी सरळ वाहायची. आज तिची वेडीवाकडी वळणं दिसतात ना, ती तेव्हा नव्हती. ती कशी आली, त्याचीच ही गोष्ट.

गावात ठकूआत्या राहायची, भावाच्या घरी. आत्या भाचरांची, पण सारं गावच तिला आत्या म्हणायचं. तिच्या करंजीचा डंका पंचक्रोशीत. करंजी म्हटली की तुम्हाला खोबरं-साखरेची आठवेल. आत्याची असायची तिखट. मटाराच्या शेंगा भरल्या की ती दाणे जाडसर वाटायची, आलं-मिरचीवर परतायची, वर ओलं खोबरं, मूठभर कोथिंबीर. रव्याची पारी लाटायची, सारण भरायची आणि कडेला मुरड घालायची. मुरड म्हणजे पारीची कड अंगठ्याने दुमडत दुमडत घातलेली बारीकशी वेणी. आत्याचं बोट असं चालायचं, की बघणाऱ्याला वाटावं, कड आपली आपणच वळतेय.

गावातून कुणी परगावी निघालं की आत्या त्याच्या हातावर मुरडीची करंजी ठेवायची. म्हणायची, "मुरड घातली की माणूस मुरडून घरी येतं." आणि यायचं हो! एक शिपाईगडी बारा वर्षांनी लढाईवरून परतला आणि वेशीतच आईच्या आधी करंजीची चौकशी केली, असं म्हणतात. कुंभाराची हरवलेली गाढवंसुद्धा परत आली, असंही म्हणतात. आता गाढवांना करंजी कुणी चारली, ते मला ठाऊक नाही.

पण जो पाव्हणा परत येऊच नये असं वाटे, त्याच्यासाठी आत्याकडे कातणं होतं. कातणं म्हणजे कड कापायचं दातेरी पितळी चाक. करंजी तीच, सारण तेच, फक्त मुरड नाही. कड कातून टाकलेली. खाणारा खूश होऊन जायचा आणि जायचा तो जायचाच. गावात भांडण झालं की बायका एकमेकींना दम भरायच्या, "कातून देईन हं तुला!"

असाच एक पाव्हणा होता बाजीबा. भावजयीच्या मावसबहिणीचा दीर की कोण, नातं सांगता सांगता त्यालाच धाप लागायची. दोन दिवसांसाठी आला आणि दोन महिने राहिला. माणूस वाईट नव्हता, हसरा होता, पण पोट म्हणजे आड! न्याहारी करताना दुपारच्या कालवणाची चौकशी. भावजय रडकुंडीला आली. शेवटी आत्या म्हणाली, "थांब, उद्या लावते त्याला वाटेला."

आता उद्या म्हणजे होता पहिल्या मटाराचा दिवस. त्या दिवशी नदीला करंज्या द्यायची रीत होती, अर्थात मुरडीच्या. आत्याने दोन ताटं केली. एकात साळूच्या पाच मुरडीच्या, दुसऱ्यात बाजीबाच्या पाच कातलेल्या. दोन्हींवर केळीचं पान झाकलं. तेवढ्यात भावजयीने हाक मारली, आत्या उठून गेली, परत आली आणि घाईघाईत, पानं न काढताच, एक ताट नदीत ओतलं, दुसरं हाती देऊन बाजीबाला वाटेला लावलं. झालं! कुठलं ताट कुठे गेलं, ते तुमच्या ध्यानात आलं असेल. आत्याच्या आलं नाही.

तिसऱ्या दिवशी साळूचं पाणी उतरलं. पाचव्या दिवशी गोटे दिसू लागले. सातव्या दिवशी गुराख्यांनी खबर आणली, की नदी खिंडीतून वळून डोंगरापलीकडे वाहतेय. ना भांडली, ना सांगितलं, निघूनच गेली. मटाराचे वेल माना टाकू लागले. लोक गाठोडी बांधू लागले. आत्या त्यांच्यासाठी करंज्या करायला बसली, पण तिचा हातच चालेना. नदी नाही तिथे माणसं मुरडून यायची तरी कशाला?

आठव्या दिवशी दारात उभा कोण? बाजीबा!

"पाव्हणं, तुम्ही?"

"काय सांगू आत्याबाई! घरी गेलो, पण पाय काही ठरेनात, सारखे मागंच वळायला लागले. आणि मुरड काय घातली होती हो तुम्ही, वा!"

आत्याच्या हातातलं लाटणं गळून पडलं. "अगं बाई! मग नदीला मी काय दिलं?"

ती ओक्साबोक्शी रडली. "माझ्या हातानं गावची नदी कातली," म्हणाली. मग डोळे पुसले, कातणं उचललं आणि दिलं उकिरड्यात भिरकावून. उरलासुरला मटार खुडला, रात्रंदिवस करंज्या तळल्या आणि भली मोठी टोपली भरून खिंडीकडे निघाली. टोपली डोक्यावर घेतली बाजीबाने. लोक म्हणाले, "झालं कल्याण!"

खिंडीत साळू खळाळत होती. आत्या काठावर उभी राहिली. "साळूबाई, चुकलं गं माझं. घरी चल." एक करंजी पाण्यात सोडली. बोटभर धार कोरड्या पात्रात उतरली. आत्या मागे सरली, दुसरी टाकली. धार पुढे आली. असं करत करत आत्या गावाकडे आणि नदी आत्याच्या मागे. आत्याचे गुडघे दुखरे. कुठे सावलीला वळायची, कुठे खडक चुकवायची. ती वळेल तिथे नदी वळायची. तीच ही वळणं, असं म्हणतात.

वेस हाकेच्या अंतरावर आली आणि टोपली रिकामी झाली. नदी थांबली. आत्याने टोपली उलटी करून झटकली. चुरासुद्धा पडला नाही. सगळं गाव श्वास रोखून उभं.

तेव्हा बाजीबा लाजला. त्याने मुंडासं सोडलं आणि आतून एक करंजी काढली, दगडासारखी कडक. "पाचातली एक उरवली होती. म्हटलं, ही मुरड जवळ नसली तर परत कसं यायचं?"

"अहो, ही तर तिचीच!" आत्या ओरडली आणि ती पाण्यात सोडली. साळू अशी धावत आली, की सगळं गाव कमरेपर्यंत भिजलं.

नदी वळली याचं गावाला फारसं नवल नाही. चार कोसांत बाजीबाने टोपलीतली एकही करंजी तोंडात टाकली नाही, याचं मात्र अजून वाटतं.

बाजीबाला मग कुणी जा म्हटलं नाही. आत्या पिकल्या वयात गेली, तेव्हा त्याने आपल्या जाड बोटांनी जमेल तशी मुरड घातली आणि ती करंजी तिच्या हातावर ठेवली.

आजही भिवतळ्यात एकाही घरात कातणं नाही. नव्या सुनेच्या रुखवतात आलंच, तर ते वेशीबाहेर ठेवून यायचं. पहिल्या मटाराच्या दिवशी पहिली करंजी आत्याच्या नावाने साळूला जाते. आणि त्या दिवशी गावातल्या कुठल्या तरी एका घरात कढईत एकवीस सोडल्या तर बावीस निघतात, असं म्हणतात. बाविसावीची मुरड इतकी नाजूक, की घरातली एकही बाई ती आपली म्हणत नाही. "आत्या मुरडली गं!" असा ओरडा होतो, आणि ती करंजी दारातल्या पाव्हण्याच्या हातावर ठेवतात, मग तो किती का दिवस राहिलेला असेना.